शिरोरेषेला लाट येते, ठ ला टेंगळे येतात : व्हेक्टर रेखाटनातील नेहमीच्या तक्रारीचे निवारण

पडद्यावर व्हेक्टरमध्ये, म्हणजे बिंदू आणि वक्रांच्या गणिताने, काढलेले अक्षर गुळगुळीत दिसते, शिरोरेषा एका सुतात वाटते, आणि तेच अक्षर विनाइलच्या चिकट प्लास्टिकवर कापून पाटीवर चिकटवले की रेषेला पोट आलेले असते आणि गोलाईवर टेंगळे उठलेली असतात. पाट्यांच्या धंद्यात ही तक्रार जुनी आहे आणि एकदा दुरुस्त केली तरी पुढच्या कामात ती पुन्हा हजर होते. ती पुन्हा पुन्हा येते याचे कारण माझ्या मते एकच आहे : दोष दिसेल तेथे आपण नोड, म्हणजे रेषा ठरवणारे बिंदू, सरकवून डागडुजी करतो, पण मुळात ती रेषा कोणत्या नोडांवर उभी आहे हे तपासत नाही. रेषेचा वाकडेपणा आणि वक्राचा खडबडीतपणा हे वरवर दोन वेगळे आजार दिसतात. दोहोंचे मूळ मात्र नको तेथे पडलेल्या नोडांत आणि नकळत ओढल्या गेलेल्या हँडलांत, म्हणजे नोडमधून निघून रेषेला वळण देणाऱ्या दांड्यांत, असते.

उदाहरण माझ्याच हातून बिघडलेल्या कामाचे देतो. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मराठी नाव देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहिणे सर्व दुकानांना बंधनकारक झाले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत पाट्या करणाऱ्या आम्हा सर्वांकडे कामाची झुंबड उडाली होती. दादरच्या एका मिठाईच्या दुकानाचे मालक आले आणि त्यांनी एक रास्त इच्छा सांगितली : वडिलांच्या वेळी पेंटरने ब्रशने रंगवलेली ‘मिठाई’ ही अक्षरे जशीच्या तशी नव्या आठ फुटी एसीपी (ॲल्युमिनियमच्या जोडपत्र्याच्या) पाटीवर यावीत. मी मोबाइलने जुन्या पाटीचा फोटो काढला, तो सॉफ्टवेअरला आपोआप ट्रेस करू दिला, म्हणजे फोटोतल्या कडांवरून बाह्यरेषा काढू दिली, आकार वाढवला आणि रात्रीतून अक्षरे कापली. दुसऱ्या दिवशी सकाळचे तिरपे ऊन पाटीवर पडले तेव्हा शिरोरेषेची वरची कड पाण्यावरच्या तरंगासारखी दिसत होती, ‘ठ’ची गोलाई कडेने चेपल्यासारखी होती, आणि ‘मि’ची वेलांटी काना सोडून वळते तेथे स्पष्ट कोपरा पडला होता. मालक एवढेच म्हणाले, “अहो, बाबांच्या पाटीवरची रेघ अशी नव्हती.” ते खरे होते. पाटी उतरवून मी काम पुन्हा केले, आणि ते करताना जे नीट उमगले ते येथे मांडतो. बटणांची नावे मुख्यतः इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमधील दिली आहेत, कारण ते मोफत असल्याने कोणालाही लगेच करून पाहता येते. कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटरमध्ये जेथे फरक आहे तेथे तसे सांगितले आहे.

आधी दोष कोठे आहे ते ठरवावे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बिघाड रेखाटनात आहे, फाइल बाहेर काढताना झाला आहे की यंत्रात आहे हे ठरवले पाहिजे. नाहीतर निर्दोष रेखाटन आपण निष्कारण खराब करून बसतो. रंग भरलेल्या अवस्थेत दोष लपतात, म्हणून नुसती बाह्यरेषा दाखवणारे दृश्य लावावे. त्यासाठी इंकस्केपमध्ये कंट्रोल आणि ५ दाबून दृश्याचे प्रकार बदलत जावे, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल आणि वाय दाबावे, आणि कोरलड्रॉमध्ये वायरफ्रेम दृश्य निवडावे. मग नोड हलवण्याचे साधन घेऊन अक्षरातील सर्व नोड निवडावेत आणि दृश्य आठ-दहा पट मोठे करून शिरोरेषेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळा फिरवावा. माझ्या ‘मिठाई’च्या शिरोरेषेच्या वरच्या कडेवर, जेथे वेलांट्या वगळता मध्ये काहीच नको होते, तेथे मला २३ नोड सापडले, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येकाला इवलीशी हँडले होती. एवढे दिसल्यावर यंत्रावर संशय घेण्याचे कारण उरले नाही.

पडद्यावर आडव्या रेषेची कड धूसर दिसते किंवा किंचित तिरप्या रेषेला पायऱ्या दिसतात, हा मात्र दोष नव्हे. तो पडद्याच्या चौकोनी ठिपक्यांचा परिणाम असतो. रेषा खरोखर आडवी आहे का, हे डोळ्यावर न सोडता आकड्यांवर तपासावे. इंकस्केपमध्ये नोड निवडला की वरच्या पट्टीत त्याचे एक्स आणि वाय हे स्थानांक दिसतात. शिरोरेषेच्या एका कडेच्या दोन्ही टोकांचा वाय आकडा दशांशासह एकच असला पाहिजे. तो ०.०५ मिलिमीटरने जरी वेगळा असला तरी अक्षर दहापट वाढल्यावर रेषा अर्ध्या मिलिमीटरने कलते.

सरळ रेषा सरळ का राहत नाही

जुने पेंटर आणि सुतार गेरूत भिजवलेले सूत दोन टोकांना ताणून धरतात आणि मध्ये उचलून सोडतात. रेघ सरळ उमटते, कारण त्या सुताला दोन टोकांपलीकडे काही ठाऊक नसते. व्हेक्टरमधील सरळ रेषेलाही दोनच नोड लागतात, आणि तिसरा नोड आला की त्याच्याबरोबर वाकण्याची शक्यता येते. त्याहून फसवे प्रकरण म्हणजे दोनच नोड असूनही वाकलेली रेषा. पेन साधनाने क्लिक करताना, बटण दाबणे आणि सोडणे यांच्या मधल्या क्षणात माउस किंचित हलला, तर सॉफ्टवेअर त्याला ओढणे समजते आणि नोडमधून हँडल बाहेर काढते. ते इतके लहान असते की नेहमीच्या आकारात दिसतही नाही. आपण सरळ रेषा काढली असे आपल्याला वाटत असते, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी तो वक्र असतो.

त्या वक्राचे गणित थोडे समजून घेतले की दुरुस्तीची दिशा आपोआप कळते. व्हेक्टरमधील वक्राचा प्रत्येक तुकडा चार बिंदूंनी ठरतो : दोन टोकांचे दोन नोड आणि त्यांच्या हँडलांची दोन टोके. मोटारींच्या पत्र्यांचे आकार गणिताने मांडता यावेत म्हणून फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे विकसित केलेली ही पद्धत आहे; आज आपण तिला बेझिए वक्र म्हणतो. वक्र नोडमधून बाहेर पडताना हँडलच्या दिशेनेच निघतो आणि त्या चार बिंदूंना जोडून होणाऱ्या आकृतीच्या बाहेर कधी जात नाही. हँडलांची टोके दोन नोडांना जोडणाऱ्या रेषेवरच असतील तर वक्र सरळ दिसतो. एक हँडल रेषेपासून बाजूला सरकले तर रेषेला जास्तीत जास्त त्या अंतराच्या चार-नवमांश पोट येते, आणि दोन्ही हँडले एकाच बाजूला सारखी सरकली तर तीन-चतुर्थांश. ए-फोर कागदावर सुमारे २४ सेंटिमीटर रुंद काढलेले नाव आठ फुटांवर नेताना आकार दहापट होतो. कागदावर हँडल ०.३ मिलिमीटर सरकलेले असेल तर पाटीवर जवळजवळ सव्वा मिलिमीटर पोट दिसेल, आणि दोन्ही सरकली असतील तर सव्वादोन. शिरोरेषेवर अशी वीस-बावीस लहान पोटे एकापुढे एक आली की त्यांची लाट होते. दादरच्या पाटीवर नेमके हेच झाले होते.

उपाय असा. सरळ कडेच्या मधले सर्व नोड निवडून काढून टाकावेत. मात्र इंकस्केपमध्ये नुसते डिलीट दाबल्यावर सॉफ्टवेअर मूळ आकार टिकवण्यासाठी उरलेल्या नोडांची हँडले वाढवू शकते, आणि मग लाट जाते पण एक मोठे पोट तयार होते. म्हणून त्यानंतर दोन्ही टोकांचे नोड निवडून शिफ्ट आणि एल दाबावे, म्हणजे तो तुकडा खऱ्या अर्थाने सरळ रेषा होतो. कोरलड्रॉमध्ये शेप साधनाने तुकडा निवडून त्याला रेषेत बदलण्याचे बटण दाबावे. इलस्ट्रेटरमध्ये हँडल ओढून ते नोडमध्येच मिटवावे. यानंतर कडेवरचे सर्व नोड निवडून, कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबून उघडणाऱ्या पटलातून त्यांना एका आडव्या रेषेवर आणावे. इलस्ट्रेटरमध्ये हेच काम कंट्रोल, आल्ट आणि जे ने होते.

नव्याने रेखाटताना ही वेळच येऊ नये म्हणून दोन सवयी लावून घ्याव्यात. इंकस्केपच्या पेन साधनात केवळ सरळ रेषा काढण्याचा आणि केवळ आडव्या-उभ्या रेषा काढण्याचा असे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. शिरोरेषा आणि काने काढताना ते निवडले की हात थरथरला तरी हँडल निघत नाही. साध्या प्रकारात काम करायचे असेल तर कंट्रोल दाबून ठेवल्यास रेषा १५ अंशांच्या टप्प्यांनीच वळते, आणि इलस्ट्रेटरमध्ये शिफ्टने ४५ अंशांच्या. दुसरी सवय मला अधिक मोलाची वाटते : शिरोरेषा ही मुळात आयत आहे, तेव्हा ती आयताच्या साधनानेच काढावी, अक्षरांचे देह वेगळे काढावेत आणि शेवटी सर्व जोडावेत. जोडण्यापूर्वी मूळ तुकड्यांची एक प्रत पानाच्या बाहेर ठेवावी, कारण जोडताना सांध्यांवर नको असलेले नोड पडतात आणि ते साफ करताना चूक झाली तर मागे फिरायला वाट हवी असते.

गोलाईवरची टेंगळे

वक्राच्या बाबतीत नवख्यांची एक समजूत फार घट्ट असते, आणि माझीही होती, की जितके नोड अधिक तितका आकार अधिक अचूक. प्रत्येक नोड हा वक्राच्या वाटेवरचा एक सांधा असतो. सांध्याच्या दोन बाजूंची हँडले एका रेषेत नसतील तर तेथे कोपरा पडतो, आणि एका रेषेत असूनही त्यांच्या लांबीत मेळ नसेल तर वक्रता तेथे झटक्याने बदलते, जे डोळ्याला टेंगूळ म्हणून जाणवते. माझ्या ट्रेस केलेल्या ‘ठ’मध्ये ६१ नोड होते. त्यांना एकेक करून जागेवर बसवण्यात मी दीड तास घालवला आणि अक्षर होते तसेच राहिले. शेवटी ते पुसून नव्याने काढले तेव्हा बाहेरच्या गोलाईला चार, आतल्या पोकळीला चार आणि शिरोरेषेला जोडणाऱ्या मानेला दोन, अशा दहा नोडांत तेच अक्षर उभे राहिले.

चार नोडांत गोलाई बसते याला गणिताचा आधार आहे. पूर्ण वर्तुळाचे चार तुकडे करून प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवली, तर खऱ्या वर्तुळापासून होणारी चूक त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के असते. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळातही ती पाव मिलिमीटरच्या आसपासच राहते. नोड ठेवायचे कोठे, हा खरा प्रश्न आहे. वक्र जेथे सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे आणि सर्वांत उजवीकडे पोचतो तेथे ते ठेवावेत, आणि वर-खालच्या नोडांची हँडले अगदी आडवी व बाजूच्या नोडांची अगदी उभी ओढावीत. कंट्रोल दाबून ओढले की हे सहज साधते. हँडलची लांबी त्या तुकड्याच्या लांबीच्या साधारण एक-तृतीयांश धरून सुरुवात करावी आणि मग नजरेने कमी-जास्त करावी. एका तुकड्यात नागमोडी वळण कोंबण्याचा मोह टाळावा. ‘ई’सारख्या अक्षरात वळणाची दिशा जेथे उलटते तेथे एक नोड देणे अधिक सुरक्षित असते.

देवनागरीत येथे एक बारकावा आहे. बोरूची टाक तिरपी कापलेली असते, त्यामुळे रेघेची जाडी वळणागणिक बदलते, आणि ‘ठ’च्या बाहेरच्या कडेचे सर्वांत वरचे ठिकाण व आतल्या पोकळीचे सर्वांत वरचे ठिकाण एकाखाली एक येत नाहीत. बाहेरची कड काढून तीच आत लहान करून ठेवली की अक्षर मेल्यासारखे दिसते, म्हणून आतली पोकळी नेहमी स्वतंत्रपणे काढावी आणि तिचे नोड तिच्या स्वतःच्या टोकांवर ठेवावेत. हे शिकण्यासाठी चांगल्या टंकाचा (फॉन्टचा) अभ्यास करण्यासारखा दुसरा मार्ग नाही. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे टंक मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत. त्यांतले एखादे अक्षर इंकस्केपमध्ये लिहून, पाथमध्ये, म्हणजे नोडांच्या बाह्यरेषेत, बदलून त्याचे नोड पाहावेत. टीटीएफ स्वरूपातील टंकांत वक्राचा वेगळा, अधिक साधा प्रकार वापरलेला असल्याने नोडांची संख्या जास्त दिसेल, तेव्हा संख्या न मोजता ते कोठे बसवले आहेत आणि हँडले कोणत्या दिशेला आहेत ते पाहावे.

काना आणि वेलांटी यांचा सांधा

माझ्या पाटीवरचा सर्वांत जास्त खटकणारा दोष हा होता, आणि तो दूर करायला सर्वांत कमी वेळ लागला. सरळ काना संपून वेलांटीचा वक्र सुरू होतो त्या नोडवर वक्राचे हँडल कान्याच्याच रेषेत असले पाहिजे. ते अंशभरही तिरपे असले तर तेथे मोडल्यासारखा कोपरा दिसतो. इंकस्केपमध्ये तो नोड निवडून शिफ्ट आणि एस एकदाच दाबावे. एका बाजूला सरळ तुकडा असल्यास हँडल आपोआप त्याच्या रेषेत येते. दुसऱ्यांदा दाबले तर सरळ बाजूलाही हँडल निघते आणि कान्याचा सरळपणा जातो, म्हणून तेथेच थांबावे.

एवढे करूनही सांधा किंचित ताठर वाटू शकतो. रेल्वेचा रूळ सरळ भागातून वळणात शिरतो तेव्हा मध्ये हळूहळू वळत जाणारा एक भाग ठेवलेला असतो, नाहीतर गाडीला झटका बसेल. डोळ्यालाही कडेवरून फिरताना तसाच झटका बसतो. त्यावर उपाय म्हणून सांध्याकडचे हँडल थोडे लांब करावे आणि वळणाची सुरुवात कान्यावर जराशी खाली आणावी. यासाठी आकडा देता येत नाही. अक्षर छोटे करून, लांबून, पुन्हा मोठे करून पाहत राहावे लागते, आणि हा वेळ सत्कारणी लागतो असा माझा अनुभव आहे.

फोटो, ट्रेस आणि पेन्सिल

जुन्या पाटीची शिरोरेषा मोबाइलच्या फोटोत मुळातच वाकलेली असू शकते, कारण जवळून काढलेल्या फोटोत कडेच्या सरळ रेषा बाहेर फुगतात. म्हणून शक्य तितके दूर उभे राहून, पाटीच्या नेमके समोरून, झूम करून फोटो काढावा. तो खालच्या थरावर फिकट करून, थराला कुलूप लावून ठेवावा आणि वर पेन साधनाने स्वतः अक्षर काढावे. आपोआप ट्रेस करणे मला सर्वस्वी निषिद्ध वाटत नाही. नक्षी किंवा डाग-ठिपक्यांच्या पोतासाठी ते चालते. अक्षराची कड मात्र त्यात चित्राच्या ठिपक्यांच्या मागे धावते, आणि ब्रशच्या एका दमात आलेला तो झोत नष्ट होतो. ट्रेसनंतर कंट्रोल आणि एल दाबून पाथ सोपा करण्याचा सल्ला बरेच जण देतात, पण त्याने साऱ्या अक्षरावर एकच मात्रा चालते : टेंगळे कमी होतात आणि त्याचबरोबर तीक्ष्ण कोपरे गोल होतात व सरळ कडा वाकतात. पेन्सिल साधन वापरायचे असेल तर रेघ काढण्यापूर्वीच गुळगुळीतपणाचा आकडा वाढवून ठेवावा.

ग्रिड किंवा पिक्सेलला चिकटण्याची सोय चालू राहिली असेल, तर हँडल हवे तेथे न थांबता जवळच्या छेदबिंदूवर उडी मारते. वक्र कितीही समजावला तरी ऐकत नसेल तेव्हा हे प्रथम बंद करून पाहावे. इंकस्केपमध्ये टक्क्याच्या चिन्हाची कळ त्यासाठी आहे.

यंत्राचा दोष असेल तेव्हा

रेखाटनात नोड मोजके आहेत आणि तरीही विनाइलवर गोलाई बहुभुज आकृतीसारखी येत असेल, तर फाइल बाहेर काढताना वक्राचे लहान-लहान सरळ तुकडे पडले आहेत असे समजावे. प्लॉटरला, म्हणजे विनाइल कापणाऱ्या यंत्राला, दिल्या जाणाऱ्या पीएलटी फाइलमध्ये वक्र बहुधा अशा तुकड्यांतच लिहिला जातो, एकक ०.०२५ मिलिमीटरचे असल्याने तुकडे बारीक ठेवले तर काही बिघडत नाही. म्हणून फाइल काढताना वक्राची सूक्ष्मता ठरवणारा आकडा तपासावा, आणि अक्षर आधी खऱ्या मापाला वाढवून मगच फाइल काढावी. छोट्या मापाची फाइल प्लॉटरवर मोठी केली की ते तुकडेही मोठे होतात. गोलाई चांगली येऊन फक्त कोपरे गोल होत असतील, तर सुरीच्या टोकाच्या अंतराचा आकडा, जो बहुधा पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, प्लॉटरमध्ये चुकीचा भरलेला असतो. एकाच जागी दोन नोड एकावर एक बसले असतील तर सुरी तेथे क्षणभर अडखळते आणि उरलेले विनाइल सोलताना तेथेच फाटते. असे नोड दोन्ही निवडून शिफ्ट आणि जे ने एक करावेत.

विनाइल कापण्यापूर्वी मी आता शिरोरेषा आणि एखादे गोल अक्षर खऱ्या मापात साध्या कागदांवर छापतो, कागद जोडून टेबलावर पसरतो आणि एक डोळा मिटून, सुतार फळीची धार पाहतो तसे, टोकाकडून कडेवर नजर टाकतो. समोरून न दिसणारे एक मिलिमीटरचे पोट या कोनातून लगेच दिसते. दादरच्या पाटीसाठी दुसऱ्यांदा असे कागद पसरले तेव्हा मालक जुन्या पाटीचा फोटो हातात धरून शेजारी उभे होते. शिरोरेषा आणि ‘ठ’ त्यांनी पसंत केले, पण ‘मि’च्या वेलांटीचे टोक मूळ पाटीवर थोडे अधिक आत वळलेले होते आणि माझ्याकडून ते निसटले होते, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. त्या टोकाचे एक हँडल आखडते घेतले, तेवढा कागद पुन्हा छापला, आणि त्यांनी मान हलवल्यावर विनाइल यंत्रावर चढवले.